डावा आरसा अर्ध्यावर अडतो: अख्खा आरसा बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न सदाशिव पेठेतून आला आहे. गाडी सात वर्षं जुनी हॅचबॅक. बटण दाबलं की उजवा आरसा नीट मिटतो, डावा मात्र करकरतो आणि निम्म्यावर थांबतो. हाताने थोडा रेटा दिला की पुढे सरकतो. पावसाळा संपल्यापासून त्रास वाढला. गाडी वाड्याच्या बोळात लागते आणि तिथून स्कूटर काढणारे लोक आरसा हाताने ढकलून वाट करून घेतात. सर्व्हिस सेंटरने अख्खा आरसा बदलायला सांगितलंय, खर्च काही हजारांचा. तो करावा का?

इतक्यात करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान झालेलं आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम मी पुण्यात सव्वीस वर्षं करतोय आणि अख्खा आरसा खरोखर बदलावाच लागला अशा गाड्या थोड्या. बहुतेक वेळा दोष एखाद्या वायरीत, एखाद्या गरारीत, म्हणजे दातेरी चाकात, किंवा सुकून घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये असतो.

आधी हा आरसा चालतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आरशाच्या बुडाशी एक जाड पोकळ खुंटा असतो. तो दाराला पक्का असतो, फिरत नाही. आरशाच्या सगळ्या वायरी त्याच्या पोकळीतून दारात उतरतात. खुंट्याभोवती एक दातेरी चकती असते आणि तिच्यावर जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. मोटर असते आरशाच्या डोक्यात. ती फिरली की लहान गराऱ्यांची साखळी त्या चकतीभोवती चालत जाते आणि डोकं आपल्याबरोबर घेऊन जाते. चकतीच्या खाली उंचवटे आणि खाचा असतात. एरवी ते एकमेकांत घट्ट बसलेले असतात, पण बाहेरून जोराचा धक्का लागला तर एकमेकांवरून घसरतात. ही सोय मुद्दाम केलेली आहे. चालत्या माणसाला आरसा लागला तर आरशाने मागे हटावं, माणसाचं हाड मोडू नये. विजेवर मिटणारे आरसे 1984 मध्ये निसानच्या लॉरेल गाडीत पहिल्यांदा आले. तेव्हापासून रचनेत बारीकसारीक बदल झाले, पण खुंटा, स्प्रिंग आणि खाचा हा गाभा आजही बहुतेक गाड्यांत तसाच आहे.

आता तुमच्या वाड्याकडे येऊ. कोणी आरसा हाताने ढकलला की उंचवटे खाचांतून बाहेर येतात. डोकं मिटतं, पण मोटरच्या हिशेबात आरसा अजून उघडाच असतो. नंतर बटण दाबलं की मोटर एका जागेवरून निघते आणि डोकं असतं दुसऱ्याच जागी. मग करकर, कटकट, अर्ध्यावर थांबणं, शेवटाला पोचूनही मोटर फिरत राहणं, हे सगळं दिसतं. ही मोडतोड नसते, नुसती जुळणी सुटलेली असते. ती जुळवायला पैसा लागत नाही. इग्निशन चालू करा आणि बटणाने आरसा मिटवायला लावा. मोटर शेवटपर्यंत फिरू द्या, मध्येच हात लावू नका. खाच बसते तेव्हा 'खाड' असा मोठा आवाज येतो. घाबरू नका, तोच आवाज हवा आहे. मग उघडा, पुन्हा मिटवा, असं तीन वेळा करा. खाच बसलीच नाही तर आरसा हाताने, एका हातानं बूड धरून, सावकाश पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा आणि परत बटणावर या. माझ्याकडे येणाऱ्या कटकटणाऱ्या आरशांपैकी कितीतरी एवढ्यावरच शांत होतात आणि मी त्याचे पैसे घेत नाही.

तुमचा आरसा जुळवूनही तसाच राहिला, तर पुढचा विचार ऐका. उजवा आरसा नीट चालतोय, म्हणजे फ्यूज शाबूत आहे, बटण चालतंय आणि आरशांना हुकूम देणारं मॉड्यूलही बहुधा ठीक आहे. डाव्यातून आवाज येतोय, म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतोय. उरल्या तीनच गोष्टी: करंट पुरेसा पोचत नाही, मोटरची गरारी झिजली आहे, किंवा खुंटा जड झाला आहे.

हाताने रेटा दिल्यावर पुढे जातो, या एका वाक्यावरून माझा संशय खुंट्यावर जास्त आहे. पुण्यातला पाऊस आणि पुण्यातली धूळ ही जोडी खुंट्याला वाईट. सहा-आठ महिने धूळ आत बसते, जूनमध्ये पाणी येतं, दोन्ही मिळून ग्रीसचा चिखल होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो सुकून घट्ट होतो. आरशाच्या खालच्या अंगाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती बुजली की पाणी आतच साचतं, स्प्रिंग गंजते, धातूच्या बुडाला पांढरी भुकटी धरते. बाटलीभर पाणी आरशावर सोडून पाहा. खालून थेंब पडले नाहीत तर भोकं बुजली आहेत, काडीने अलगद मोकळी करा. आणि धुताना प्रेशरची नळी जवळून, खालून वर धरू नका. त्या जोरापुढे कुठलीही फट टिकत नाही.

खुंटा जड आहे का, हे हातालाही कळतं. इग्निशन बंद ठेवून दोन्ही आरसे एकेकदा हाताने मिटवा आणि उघडा. खाचेतून सुटतानाचा झटका दोन्हींचा सारखाच असेल, पण नंतरचा प्रवास डाव्याचा रेटून, खरखरत होत असेल, तर उत्तर मिळालं. दोन्ही सारखेच सैल फिरत असतील तर खुंटा निर्दोष आहे, वीज आणि गरारी बघायची. हातानं फिरवल्यावर जुळणी पुन्हा सुटते, म्हणून शेवटी बटणाने तीन वेळा मिटवा-उघडा करायला विसरू नका.

कान लावून ऐकण्याला मी फार मान देतो. मोटर नुसती 'गुंईऽऽ' करत मोकळी फिरते आणि आरसा हलतच नाही, तर प्लॅस्टिकची गरारी दात गमावून बसली आहे. मोटर कण्हल्यासारखी हळू फिरते, तर एक तर खुंटा जड आहे किंवा वीज कमी पडते आहे. शेवटी पोचून चार-पाच वेळा 'कट कट' होते, तर जुळणी सुटलेली आहे किंवा शेवट ओळखणारी व्यवस्था चुकते आहे. काही गाड्यांत मोटरच्या आत छोटं सर्किट असतं, जे शेवटाला करंट वाढला की मोटरची वीज तोडतं. काहींत हे काम मॉड्यूल करतं, काहींत ठरावीक सेकंदांनी वीज आपोआप बंद होते. गरारी घसरू लागली की करंट वाढतच नाही, मग मोटरला थांबायचं कळत नाही. आणि आवाजच नाही, अगदी शांतता आहे, तर वायर, कपलर (वायरींना जोडणारा प्लॅस्टिकचा सॉकेट) किंवा जळालेली मोटर.

वीज पोचते की नाही, याची परीक्षा मात्र मल्टिमीटरवर सोडू नका. वीस तारांची वायर तुटून एकच तार उरली तरी मीटर बारा व्होल्टच दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. भार लावला की खरं कळतं. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्या, बारा व्होल्टवर तो पावणेदोन अँपियर ओढतो. आरशाच्या कपलरवर फोल्डिंगच्या दोन वायरींमध्ये तो लावा आणि आत बसलेल्याला बटण दाबायला सांगा. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग चांगलं. मंद पेटला तर मोटरला दोष देऊ नका, वाटेतली वायर शोधा. बटण थेट मोटरला वीज देतं अशा जुन्या पद्धतीच्या गाड्यांवर हे बिनधास्त करा. पण नव्या गाड्यांत मॉड्यूल मध्ये असतं, तिथे नंबरप्लेटचा 5 वॅटचा बल्ब वापरा, म्हणजे मॉड्यूलवर ओझं येणार नाही. बहुतेक मॉड्यूलवाल्या गाड्यांत बटण दाबल्यावर काही सेकंदच वीज येते, म्हणून दुसरा माणूस लागतोच.

त्या कपलरवर वायरींची गर्दी असते. साधारण दोन वायरी मिटवण्या-उघडण्याच्या, तीन काच वर-खाली आणि डावी-उजवी करणाऱ्या मोटरींच्या, मग इंडिकेटरच्या, काच गरम करणारी सोय असेल तर तिच्या, कॅमेरा असेल तर त्याच्या वेगळ्या. मिटवण्याच्या दोन वायरींत वीज उलटसुलट होते: मिटताना एक धन असते, उघडताना दुसरी. कुठली कशाची हे गाडीच्या वायरिंग नकाशावरून किंवा चाचणी करून पक्कं करा. अंदाजाने बॅटरीची वीज देऊ नका. कुठल्या तरी वायरीवरून दारातलं मॉड्यूल संदेश घेत असतं, तिथे बारा व्होल्ट गेले तर आरशापेक्षा महाग वस्तू जाते. मोटरच्या दोन वायरी पक्क्या सापडल्या, की कपलर काढून तीन अँपियरच्या फ्यूजमधून थेट वीज द्या, क्षणभरच. मोटर जोरात फिरली आणि आरसा शेवटपर्यंत गेला तर मोटर निर्दोष. फ्यूज उडाला किंवा मोटर नुसती गुरगुरली, तर आरसा उघडायची वेळ आली.

एका चुकीबद्दल इथे लिहितो, कारण ती अनेकांकडून होते आणि माझ्याकडूनही झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षिकेच्या गाडीचा उजवा आरसा कधी चाले, कधी नाही. मी मीटर लावला, व्होल्ट पूर्ण दिसले, म्हणून मोटर बदलली. चार दिवसांनी त्या परत आल्या, दुखणं तेच. खरा दोष दाराच्या बिजागरीपाशी होता. तिथे गाडीच्या सांगाड्याच्या खांबातून दारात वायरी जातात, त्यांच्यावर रबरी बूट असतो. दार रोज उघडतं-मिटतं, वायरी रोज वाकतात आणि आतलं तांबं तुटतं. वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. मी मोटरचे पैसे परत केले आणि तेव्हापासून पहिला हात बुटालाच लावतो.

ते कसं तपासायचं? एकाने बटण दाबत राहायचं, दुसऱ्याने दार सावकाश उघडायचं आणि मिटायचं. एका ठरावीक कोनात आरसा जिवंत होत असेल तर वायर बुटात तुटली आहे. बूट मागे सारून एकेक वायर हलक्या हाताने ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते, चांगली ताणली जात नाही. उजव्या, म्हणजे चालकाच्या दाराला हा रोग जास्त, कारण ते दार सगळ्यात जास्त वेळा उघडतं. तुमचा दोष डाव्या बाजूला आहे, म्हणून संशय कमी, पण दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका. वायर तुटली असली तर जागच्या जागी जोडून टेप गुंडाळू नका. सोल्डरचा डाग दिलेला जोड कडक असतो आणि वाकत्या जागी ती वायर जोडाच्या शेजारी पुन्हा तुटते. बुटापेक्षा लांब, मऊ, अनेक तारांची नवी वायर घ्या, एक जोड खांबाच्या आत आणि दुसरा दाराच्या आत येऊ द्या, दोन्हींवर हीट-श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी, चढवा. मेहनत जास्त पडते, पण परत यावं लागत नाही.

गाडी लॉक केली की आरसे आपोआप मिटावेत म्हणून बाहेरून जादा मॉड्यूल बसवलं असेल, तर सगळ्यात आधी ते काढून मूळ जोडणी पूर्ववत करा आणि मगच तपासा. असे मॉड्यूल बसवताना वायर न कापता वरून चिमटा मारून जोडतात. एक-दोन पावसाळ्यांत तो चिमटा हिरवा पडतो.

दोन्ही आरसे एकदम बंद पडले तर विचार वेगळा. फ्यूज, बॅटरी, बटण, याच क्रमाने. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. 12.2 म्हणजे ती निम्मी उतरलेली आहे, आणि आरसे मंद होणं ही त्याची खूण असू शकते. पावसात चालकाची काच उघडी राहिली की पाणी थेट दारावरच्या बटणांत जातं. कॉन्टॅक्ट क्लिनर मारून, वाळवून पुष्कळ बटणं वाचतात.

आता उघडण्याचं काम. स्वतः करणार असाल तर उन्हं चढल्यावर करा, थंडीतल्या सकाळी नको. गार प्लॅस्टिकचे क्लिप कडकडून तुटतात. काचेवर आडवी-उभी टेप लावा, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. काच एका बाजूने पूर्ण आत झुकवा, मग दुसऱ्या कडेमागे प्लॅस्टिकची पट्टी घालून क्लिपमधून सोडवा. गरम होणारी काच असेल तर मागे दोन पत्र्या असतात, त्या वाकवू नका, धरून ओढा. मग पाठीवरचं रंगीत झाकण सुटतं आणि त्याखालचे स्क्रू दिसतात. अख्खा आरसा दारापासून काढायचा असेल तर आतली त्रिकोणी पट्टी काढा. मागे बहुतेक गाड्यांत दहाच्या पान्याचे तीन नट असतात. पहिला नट सोडण्याआधी दाराच्या पोकळीत फडकं कोंबा, नाहीतर नट खाली पडेल आणि त्याच्यासाठी सगळा डोअर पॅड उतरवावा लागेल. शेवटचा नट सुटताना बाहेरून आरसा कोणीतरी धरलेला असावा. नाहीतर तो वायरीवर लोंबतो.

इथपर्यंत घरी करता येईल. खुंट्यावरची स्प्रिंग मात्र घरी काढू नका. ती मोठ्या जोराने दाबलेली असते आणि वरची लॉकची चकती फिरवून सुटली की तोंडावर येते. मी ती दाबपट्टीखाली धरून, मान बाजूला ठेवून सोडतो. उघडल्यावर जुनं ग्रीस ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसतो. पेट्रोल, थिनर कधीच नाही, प्लॅस्टिक त्याने तडकतं. मग प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस, बोटावर मावेल एवढंच. जास्त लावलं तर धूळ धरून पुन्हा चिखल होतो. गंज सोडवणारा स्प्रे बाहेरून मारून काम भागवणारे पुष्कळ आहेत. तो स्प्रे उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतो. आठवडाभर आरसा सुरेख चालतो आणि मग आधीपेक्षा जास्त करकरतो. तुमच्या आरशावर कोणी असा स्प्रे मारला आहे का, तेही आठवून पाहा.

गरारी गेली असेल तर पुष्कळ मॉडेलसाठी नुसती फोल्डिंग मोटर वेगळी मिळते. नाना पेठेत चौकशी करा, पण जाताना जुना भाग हातात घेऊन जा. डावी-उजवी वेगळी असते, कपलरच्या पिना मोजून जुळवाव्या लागतात, आणि मोटरवरच्या चिठ्ठीवरचा नंबर जुळला तरच पैसे द्या. वापरलेला अख्खा आरसा स्वस्तात मिळतोय म्हणून बिलाशिवाय घेऊ नका. आरसे चोरीला जातात आणि तुम्ही घेतलेला कोणाच्या तरी गाडीचा असू शकतो. अख्खा आरसा बदलणं योग्य केव्हा? बुडाचा धातू तडकला असेल, खुंटा गंजून चकतीशी एकजीव झाला असेल, किंवा अपघातात आतली चौकट वाकली असेल तेव्हा.

एक पर्याय लोकांना सुचत नाही, तोही सांगतो. आरसा मिटला नाही तरी गाडी चालते. तो उघडा आणि घट्ट राहिला नाही तर मात्र गाडी चालवू नये. एक्सप्रेसवेवर वाऱ्याने आरसा थरथरला तर मागच्या एका ट्रकचे दोन दिसतात, आणि खाच न बसलेला आरसा वेगात मागे पडूही शकतो. म्हणून सध्या खर्च करायचा नसेल, तर आरसा उघडून खाच पक्की बसवा आणि फक्त फोल्डिंगच्या दोन वायरी सोडवून त्यांची टोकं टेपने बंद करा. काच हलवणं, इंडिकेटर, सगळं चालू राहील. हाताने मिटताही येईल. वाड्यातल्या मंडळींना सांगा: ढकला, पण सावकाश, बुडाजवळ धरून.

तुम्ही आधी जुळणी करा, मग हातानं दोन्हींचा जडपणा ताडून पाहा, मग बुटातल्या वायरी. तिन्हींनंतरही करकर राहिली तर खुंटा उघडून साफ करवून घ्या. माझ्या अंदाजाने तुमचं काम तिथेच संपेल, मोटरपर्यंत जाणारच नाही. आणि कामाच्या वेळी डोअर पॅड उतरवला, तर त्यामागे दाराला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद असतो, तो फाडू देऊ नका. सगळीकडून नीट चिकटवून घेतलाय हे स्वतः बघा. तो सुटा राहिला तर पुढच्या जूनमध्ये दारात शिरलेलं पाणी खाली निथळायच्या ऐवजी गाडीत, पायाखालच्या मॅटवर येतं.